सनस्क्रीनची ट्यूब खरी की डुप्लिकेट? पॅकिंगवरून ओळखण्याची रीत

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला पार्लर चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. नामांकित कंपनीच्या सनस्क्रीनच्या 50 ग्रॅमच्या बारा ट्यूबा आणि व्हिटॅमिन सी सिरमच्या 30 मिलीच्या सहा बाटल्या त्यांना ठोक बाजारात एमआरपीच्या निम्म्या भावात मिळाल्या. बिल कच्चं. माल दिसायला हुबेहूब. पण एका गिऱ्हाईक बाईंनी ट्यूब हातात घेऊन विचारलं, "ताई, हाई खरं शे का?" आणि त्यांना उत्तर देता आलं नाही. ट्यूब न फोडता, नुसत्या पॅकिंगवरून हे ओळखता येईल का, असं त्या विचारतात.

ताई, बहुतेक वेळा येतं. फक्त आपण चुकीच्या जागी बघतो. आपली नजर रंगावर, लोगोवर, खोक्याच्या चकाकीवर जाते, आणि नक्कल करणारा नेमकं तेवढंच आधी साधून घेतो. खरं खोकं स्कॅन करून चांगल्या छापखान्यात छापलं की लांबून कुणालाच फरक कळत नाही. त्याला जमत नाही तो मेळ. खोक्यावरच्या बॅच नंबरचा आतल्या ट्यूबवरच्या नंबराशी, किमतीचा वजनाशी, गावाचा पिनकोडशी, ट्यूबच्या चित्राचा तिच्या शिवणीशी. खऱ्या कारखान्यात हा मेळ आपोआप बसतो, कारण तिथे एकच यंत्रणा सगळं करते. डुप्लिकेट मालात खोकं एकाकडून, ट्यूब दुसऱ्याकडून आणि भरणं तिसऱ्याकडे होतं. म्हणून दिसण्यावर जाऊ नका, मेळ तपासा.

आधी चार वस्तू जवळ घ्या. एक, दहापट मोठं दाखवणारं भिंग. सराफ हॉलमार्क बघायला डोळ्याला लावतात तेच. जळगावसारख्या सोन्याच्या गावात ते मिळायला अडचण नाही. दोन, मोबाइलचा टॉर्च. तीन, 0.1 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा. चौथी वस्तू सगळ्यात मोलाची: त्याच मालाचा, त्याच मापाचा खात्रीचा एक नग. तो कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्यावा. शेजारी ठेवायला खरा नग नसेल तर निम्म्या खुणा अंदाजपंचे होतात. पार्लरवाल्यांनी तर रोज लागणाऱ्या प्रत्येक मालाचं एकेक रिकामं पॅकिंग नमुना म्हणून कपाटात ठेवावंच.

खोकं न उघडता पहिला हिशेब भावाचा. पॅकबंद मालावर एमआरपीच्या जोडीला आता 'युनिट सेल प्राइस' छापतात, म्हणजे एका ग्रॅमचा किंवा एका मिलीचा भाव. एमआरपीला निव्वळ वजनाने भागून बघा. 349 रुपये भागिले 50 ग्रॅम म्हणजे ग्रॅमला 6.98 रुपये. खोक्यावर तिथे 5.49 दिसलं तर समजा की हा आकडा 100 ग्रॅमच्या 549 रुपयांच्या पॅकवरून उचललाय. चोराला एमआरपी बदलायचं सुचतं, या बारीक आकड्याकडे त्याचं लक्ष जात नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, दुकानात उभ्याउभ्या होतं.

मग पत्ता वाचा. भारतात बनलेल्या सौंदर्यप्रसाधनावर ते जिथे बनलं त्या कारखान्याचा पत्ता आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक असावा लागतो. त्याबरोबर बॅच नंबर, उत्पादनाचा आणि मुदतीचा महिना-वर्ष, निव्वळ वजन आणि ग्राहक संपर्काचा तपशीलही लागतो. 'कॉस्मेटिक्स रूल्स 2020' आणि वैधमापनाचे, म्हणजे वजन-मापाच्या कायद्याचे, 2011 चे पॅकबंद वस्तूंचे नियम मिळून हे सगळं सांगतात. अगदी छोट्या डब्यांना काही सवलती आहेत, 30 ग्रॅमच्या आतल्या क्रीमवर घटकांची यादी नसली तरी चालते. पण 50 ग्रॅमच्या ट्यूबला ही पळवाट नाही. पत्त्यातला पिनकोड गावाशी जुळतो का ते पाहा. जळगाव 425001, धुळे 424001 हे आपल्याला पाठ असतं. प्रसाधनांचे पुष्कळ कारखाने हिमाचलात बद्दीला आहेत, तिथला पिन 17 ने सुरू होतो. हरिद्वारचा 24 ने, सिल्वासा-दमणचा 396 ने. पत्ता बद्दीचा आणि पिन चार लाखांतला, असं दिसलं की पुढचं तपासायचीही फारशी गरज उरत नाही.

मोठ्या कंपन्यांचा माल चार-पाच ठिकाणी बनतो. अशा खोक्यावर सगळे पत्ते छापून प्रत्येकाला एक अक्षर दिलेलं असतं, आणि बारीक अक्षरात एक ओळ असते: कारखाना ओळखण्यासाठी बॅच नंबरचं पहिलं अक्षर पाहा. तुमच्या बारा ट्यूबांवर ही ओळ शोधा. समजा यादीत ए, बी, डी आणि के एवढीच अक्षरं आहेत आणि बॅच नंबर एस ने सुरू होतोय. म्हणजे तो माल बनवणारा कारखाना खुद्द कंपनीच्याच यादीत नाही. नक्कल करणारा बॅच नंबर मनानेच टाकतो, म्हणून ही खूण फार कामाची आहे.

आता खोकं उघडा आणि आतल्या ट्यूबवरचा बॅच नंबर, उत्पादनाचा महिना, मुदत आणि एमआरपी खोक्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. खऱ्या मालात यात फरक पडता कामा नये. फरक पडतो तेव्हा बहुधा खोकं खरं असतं, कुठून तरी रिकामं जमवलेलं, आणि ट्यूब बनावट.

नंबर छापलेत कसे, हेही पाहा. खोक्याचं चित्र छापखान्यात हजारोंनी छापून येतं, पण बॅच आणि तारीख ही माल भरताना कारखान्याच्या फिरत्या पट्ट्यावर उमटते. शाईच्या फवाऱ्याने केलेली असेल तर अक्षरं ठिपक्यांची असतात. लेझरने असेल तर वरचा रंग जळून खालचा थर दिसतो. दाबून केलेली असेल तर बोटाला खड्डा लागतो. बारा खोकी एका ओळीत मांडा. पट्ट्यावरून वेगाने जाणाऱ्या खोक्यांवर फवाऱ्याची ओळ केसभर वरखाली, किंचित तिरकी अशी पडते. बाराही खोक्यांवर ती एकाच जागी, एकाच कोनात, चित्राइतकीच गुळगुळीत छापलेली असेल, तर बॅच नंबर चित्राबरोबरच छापलाय. असा माल बाजूला काढा.

मुदत संपलेला खरा माल नवी तारीख टाकून विकणं हा वेगळाच धंदा आहे आणि तो डुप्लिकेटइतकाच वाईट. प्लास्टिकवरची फवाऱ्याची शाई थिनरने पुसता येते. पुसलेली जागा सरळ उजेडात दिसत नाही. खोली थोडी अंधारी करा, टॉर्च ट्यूबला जवळजवळ समांतर धरा आणि आडवा उजेड टाका. थिनर लागलेला भाग बाकीपेक्षा मळकट किंवा जास्त चमकणारा दिसतो, आणि त्यात कधी कधी जुन्या ठिपक्यांची पुसट सावली राहिलेली असते. नव्या नंबराच्या मागे जुन्याचं भूत दिसलं की शंका संपली.

भिंगाखाली छपाई बघताना लोगोपाशी वेळ घालवू नका, थेट सगळ्यात बारीक मजकुरावर जा. खऱ्या खोक्यावर घटकांची यादी एकाच शाईने छापलेली असते. अक्षराची कड भिंगाखालीही स्वच्छ आणि आतला काळा भरीव दिसतो. स्कॅन करून छापलेल्या खोक्यावर तेच अक्षर निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांनी बनलेलं असतं आणि कडेला रंगाची झालर दिसते, कारण स्कॅनरला अक्षर कळत नाही, तो सगळं चित्र म्हणूनच घेतो. कंपनीचा ठरलेला रंगीत पट्टाही असाच तपासा. खऱ्यात बहुतेक वेळा तो एकसंध रंगाचा असतो, नकलेत ठिपक्यांची जाळी दिसते. फोटोचा भाग मात्र खऱ्या खोक्यावरही ठिपक्यांचाच असतो, त्यावरून काही ठरवू नका.

मराठी-हिंदी मजकूर असेल तर तो खास डोळ्यांत तेल घालून वाचा. इथे आपल्याला जी सोय आहे ती परदेशातल्या तज्ज्ञालाही नाही. नक्कल करणारे काही वेळा मजकूर पुन्हा टाइप करतात, आणि डिझाइनच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी फुटते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती मागे जाऊन बसते. 'सूर्य'मधला रफार य च्या डोक्यावर न चढता सुटा र होऊन हलन्तासकट उभा राहतो. 'त्वचा'तला त अर्धा न होता पूर्ण दिसतो आणि त्याच्या पायाला काडी लटकते. कोट्यवधींचा माल काढणारी कंपनी दहा जणांच्या नजरेखालून खोकं घालवते. एखादी ऱ्हस्वदीर्घाची चूक तिथेही निसटते, पण फुटलेलं जोडाक्षर निसटत नाही.

ट्यूबमध्ये सगळ्यात बोलकी जागा म्हणजे तिची शेपटी, दाबून बंद केलेली पट्टी. कारखान्यात ट्यूब रिकामी, शेपटीकडून उघडी येते. यंत्र तिला फिरवून चित्राची पुढची बाजू समोर आणतं, माल भरतं, टोक तापवून दाबतं आणि जास्तीची कड एका रेषेत कापतं. ट्यूब किती फिरवायची हे यंत्राला कळावं म्हणून शेपटीजवळ एक छोटा रंगीत चौकोन छापलेला असतो. हिरवा चौकोन म्हणजे नैसर्गिक माल, काळा म्हणजे केमिकल, असं व्हॉट्सॲपवर फिरतं, त्यात काडीचं तथ्य नाही. तो चौकोन यंत्राच्या डोळ्यासाठी आहे. त्याचा आपल्याला होणारा उपयोग वेगळा: यंत्राने नीट फिरवलेल्या ट्यूबवर लोगो शेपटीच्या पट्टीच्या बरोबर मध्यावर येतो. हाताने भरलेल्या ट्यूबवर तो एका कडेला सरकतो, आणि बारा ट्यूबांत बारा तऱ्हेने सरकतो.

पट्टीवरचे दाते एकसारखे खोल आहेत का, कड सरळ कापली आहे का, कोपऱ्यात क्रीम अडकून पट्टी फुगली आहे का, तेही बघा. भरताना क्रीम पट्टीच्या जागी लागलं तर प्लास्टिक एकजीव होत नाही आणि तिथून हळूहळू गळतं. यंत्रावर हे क्वचित होतं, हाताने भरण्यात नेहमी. शेवटी मोजपट्टीने शेपटीपासून खांद्यापर्यंतची लांबी मोजा आणि खात्रीच्या ट्यूबशी ताडा. वापरलेली खरी ट्यूब शेपटीकडून कापून, आत काहीतरी भरून पुन्हा दाबलेली असेल तर ती पाच-सात मिलिमीटरने आखूड भरते. अशा ट्यूबवर शेपटीजवळचा मजकूर पट्टीत शिरलेला असतो, आणि तो रंगीत चौकोन अर्धा कापलेला किंवा गायब असतो.

झाकणाखालच्या चकचकीत सीलवर लोक फार विसंबतात. सील नाही म्हणजे बनावट आणि आहे म्हणजे अस्सल, असं धरू नका. कित्येक खऱ्या ट्यूबांना सील नसतंच, आणि चिकट फॉइलच्या चकत्या बाजारात सर्रास मिळतात. नमुन्याच्या नगाला सील आहे का, एवढंच ताडा. असेल तर ते काढताना कसं निघतं ते बघा. यंत्राने विद्युतलहरींनी चिकटवलेलं सील तोंडाच्या कडेला सगळीकडून सारखं धरतं आणि ताकद लावूनच निघतं. डिंकाचं सील एका कोपऱ्यातून स्टिकरसारखं सुटतं आणि बोटाला चिकटपणा राहतो.

सिरमच्या बाटल्यांची गोष्ट थोडी वेगळी, कारण काचेची बाटली पुन्हा भरणं सोपं असतं. झाकण उघडून मानेवरच्या आट्यांमध्ये भिंग लावा. नव्या बाटलीच्या आट्या कोरड्या आणि स्वच्छ असतात. भरलेल्या जुन्या बाटलीत तिथे वाळलेल्या सिरमचा पिवळट थर किंवा झाकण वारंवार फिरवल्याच्या रेघा सापडतात. ड्रॉपरची नळी तळापर्यंत पोचायला एखाद-दोन मिलिमीटर उरावेत. तळाला टेकून वाकलेली किंवा अर्ध्यावरच संपणारी नळी म्हणजे ड्रॉपर दुसऱ्या बाटलीचा. मानेवरची पारदर्शक पन्नी कारखान्याच्या गरम बोगद्यातून सगळीकडे सारखी आवळून येते. हातातल्या हीटगनने आवळलेल्या पन्नीला एका बाजूला सुरकुत्या आणि दुसऱ्या बाजूला भाजल्याचा पांढुरका डाग असतो. व्हिटॅमिन सी चं एक लक्षात ठेवा: हवा आणि उष्णता लागली की खरं सिरमही पिवळं, मग तपकिरी होतं. रंग बदलला म्हणून ते वापरू नका, पण तेवढ्यावरून दुकानदारावर डुप्लिकेटचा आरोपही करू नका.

हा मुद्दा आपल्याकडे जास्तच महत्त्वाचा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या गोदामात किंवा टेम्पोत ठेवलेल्या अस्सल मालाचंही वाटोळं होतं. क्रीममधलं तेल सुटून ट्यूब उघडताच पाणी-तेल आधी बाहेर येतं. लेबलांच्या कडा सुटतात. सील फुगून वर येतं. खोक्याचा गोंद मऊ होऊन झाकणी उघडते. या चारही खुणांवरून माल बनावट ठरत नाही, फक्त वापरण्याजोगा राहिला नाही हे कळतं. तसंच शोकेसमध्ये पश्चिमेच्या उन्हात राहिलेल्या खोक्याचा लाल आणि पिवळा रंग आधी उडतो आणि खोकं निळसर दिसायला लागतं. अशा वेळी खोक्याची आत दुमडलेली झाकणी उघडून तिथला रंग पाहा. तिला ऊन लागलेलं नसतं. तिथला रंग नमुन्याशी जुळला तर फरक उन्हाचा, तिथेही वेगळा असला तर छपाईच वेगळी. उन्हाने बॅच नंबर बदलत नाही, पिनकोड चुकत नाही आणि ट्यूबवरचा लोगो शेपटीवरून सरकत नाही, हे मनात ठेवलं की गल्लत होणार नाही.

काट्यावरची परीक्षा सोपी आहे. नमुन्याची भरलेली ट्यूब खोक्याशिवाय तोला, मग बाराही तोला. वैधमापनाच्या नियमांत 50 ग्रॅमपर्यंतच्या पॅकला 9 टक्के, म्हणजे 50 ग्रॅममागे साडेचार ग्रॅम इतकी तूट एखाद्या नगात चालते. 100 ग्रॅमच्या पॅकलाही साडेचार ग्रॅमच. पण खऱ्या कारखान्याचं यंत्र इतकं ढिलं नसतं. एकाच बॅचच्या ट्यूबांत फरक फारच थोडा दिसतो. तुमच्या बारा ट्यूबांत एक 58 ग्रॅम, एक 63, एक 55 असा विस्कळीतपणा दिसला तर भरणं हाताने झालंय. रिकाम्या ट्यूबचं वजनही सांगतं: नकली प्लास्टिक बहुधा पातळ, दाबलं की चटकन चपटं होणारं आणि पुन्हा आकार न घेणारं असतं.

बारकोडबद्दल गैरसमज खूप आहेत. 890 ने सुरू होणारा आकडा म्हणजे माल भारतात बनला असं नाही. त्याचा अर्थ एवढाच की कंपनीने तो क्रमांक भारतातल्या संस्थेकडून घेतलाय. कोरियाचा 880, फ्रान्सचा 30 ते 37. बारकोड हुबेहूब उतरवता येतो, म्हणून तो स्कॅन झाला यावर निर्धास्त होऊ नका. मात्र आकडा मनाने टाकला असेल तर तो हिशेबात सापडतो. तेरा आकड्यांपैकी डावीकडून पहिल्या बारांतले पहिला, तिसरा, पाचवा असे विषम जागांचे मिळवा. सम जागांचे मिळवून तिपटीने घ्या. दोन्हींच्या बेरजेला पुढच्या दहाच्या पाढ्यापर्यंत न्यायला जेवढे लागतात, तो तेरावा आकडा. उदाहरणादाखल 890123456789 घ्या. विषम जागांची बेरीज 28, सम जागांची 34, तिप्पट 102, एकूण 130. तेरावा आकडा शून्य हवा. शिवाय 50 आणि 100 ग्रॅमच्या पॅकचे बारकोड वेगळे असतात. दोन्ही मापांवर एकच बारकोड दिसला तर गडबड आहे.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पान उघडण्याआधी वर येणारा पत्ता वाचा, तो कंपनीच्याच वेबसाइटचा हवा. खरवडून बघायचा कोड असेल तर तो 'आधी तपासलेला नाही' असं उत्तर आलं पाहिजे, आणि दोन नगांवर एकच कोड असता कामा नये. 'ओरिजिनल', 'जेन्युइन' असं लिहिलेले चकचकीत स्टिकर मात्र मोजूच नका. ते रोलच्या रोल विकत मिळतात. पॅकवरचा ग्राहक सेवा क्रमांकही नकली असू शकतो. फोन करायचा तर नंबर कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या, बॅच नंबरचा स्पष्ट फोटो पाठवा आणि एवढंच विचारा: ही बॅच तुमची आहे का, आणि या मापात काढली होती का?

परदेशी मालावर भारतात आयातदाराचं नाव-पत्ता, नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि रुपयातली एमआरपी लागते, बहुधा वेगळ्या स्टिकरवर. असं काहीच नसलेली कोरियन क्रीम 'दुबईहून आलीय' म्हणून कुणी देत असेल, तर ती खरी असली तरी तिच्या बाजूने उत्तर द्यायला देशात कुणी नाही. कोरियन तारखेत वर्ष आधी येतं, मग महिना, मग दिवस, आणि काही पॅकवर फक्त उत्पादनाची तारीख असते. तीच मुदत समजून चांगला माल फेकला जातो.

आठवडे बाजारात आणि यात्रांमध्ये पाटीवर विकल्या जाणाऱ्या गोरं करणाऱ्या क्रीमच्या डब्यांबद्दल मला काळजी वाटते. तिथे खरा-खोटा तपासण्यात वेळ घालवू नका. कारखान्याचा पत्ता, परवाना आणि बॅच यांतलं एकही नसेल तर डबा उचलूच नका. अशा काही क्रीममध्ये पारा असतो. भारतात प्रसाधनात पारा मुद्दाम घालायला बंदी आहे, नकळत आलेला फार तर दहा लाखात एक भाग, डोळ्यांच्या प्रसाधनात 70 भाग चालतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात 2023 मध्ये किडनीचे रुग्ण अशाच क्रीमपर्यंत माग काढत डॉक्टरांना सापडले. लेबलवर कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड किंवा अमोनिएटेड मर्क्युरी हे शब्द शोधा. आणि एक सूचना विशेष ओळखून ठेवा: 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लावू नका'. पारा सोन्याला चिकटतो, म्हणून ती छापलेली असते. दुसरा धोका स्टिरॉइडचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलेली ट्यूब औषधाची आहे, चिठ्ठीशिवाय विकायचीच नाही, मग ती कटलरीच्या दुकानात फेस क्रीमशेजारी मांडलेली का असेना.

आता तुमच्या बारा ट्यूबा आणि सहा बाटल्यांकडे वळू. एकच खूण धरून निकाल देऊ नका, पण सगळ्या खुणांचं वजनही सारखं नाही. बॅचचं अक्षर यादीत नसणं, खोकं आणि ट्यूब यांचे नंबर न जुळणं, पुसलेल्या नंबराची सावली, ट्यूब आखूड असणं, यांतली एक जरी खात्रीने दिसली तरी पुरे. रंगातला फरक, सैल झाकण, वास किंवा पुठ्ठ्याची जाडी या खुणा तीन-चार एकत्र आल्या तरच धरा, कारण कंपन्या पॅकिंग बदलतात आणि पुठ्ठा पुरवणारेही बदलतात. निम्मा भाव हाही पुरावा नाही, पण कच्च्या बिलासोबत आला की मोठा इशारा आहे.

शंका पक्की झाली तर तो माल गिऱ्हाइकाला लावू नका आणि दुकानदाराला परतही देऊ नका. परत गेलेला माल दुसऱ्या गावात विकला जातो. खोक्यासकट सगळं एका पिशवीत बांधा, प्रत्येक बाजूचे फोटो काढा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. पुढचा नमुना औषध निरीक्षक कायद्याने घेतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 मधल्या कलम 26 प्रमाणे विकत घेणाऱ्यालाही फी भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. फसवणुकीची भरपाई हवी असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा.

कच्च्या बिलाचा धोका तुमच्या स्वतःच्या मानेवर आहे, हे मात्र समजून घ्या. निरीक्षकाने विचारलं तर माल कुणाकडून घेतला ते सांगणं कलम 18ए प्रमाणे विक्रेत्याला बंधनकारक आहे. पक्कं बिल असेल तर तुम्ही त्या ठोकवाल्याचं नाव कागदावर दाखवू शकता. नसेल तर साखळी तुमच्यापाशीच तुटते. बनावट प्रसाधन विकल्याबद्दल कलम 27ए मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान 50 हजार रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांतला जो जास्त तो दंड आहे. म्हणून पुढच्या खरेदीत बिलावर मालाचं नाव, माप आणि बॅच नंबर लिहून घ्या. ठोकवाला बॅच लिहायला नाही म्हणाला तर माल तिथेच ठेवून या.

आणि पार्लरमधून निघणाऱ्या रिकाम्या पॅकिंगचं काय करता तेही पाहा. अखंड खोकी आणि धुतलेल्या बाटल्या भंगारात गेल्या की पुन्हा भरायला मिळतात. नमुन्याचा एक नग ठेवून बाकी ट्यूबा मधोमध आडव्या कापा, खोकी उभी फाडा, बाटल्यांची लेबलं ब्लेडने खरवडा, ड्रॉपर वेगळे टाका, आणि मगच पिशवी भंगारवाल्याला द्या.